आजीला एक ॲसिड

बेकरीच्या मागच्या दाराशी गाडी लावली की मी हॉर्न एका ठरलेल्या चालीत वाजवायचो. पाँ, पाँ, पपाँ. मालकाला वाटायचं, माल भरायला हाक मारतोय. दार सताड उघडं असताना हाक कशाला मारायची? तो हॉर्न लालीसाठी होता.

लाली म्हणजे आमची केकवाली. तिचं खरं नाव फक्त मालक घ्यायचा, तेही ओरडायचं असेल तेव्हा. बाकी सगळ्यांची ती लालीच, तिच्या गालांमुळे. गाल, नाक आणि हनुवटीचा शेंडा. हॉर्न वाजवून मी आत शिरलो आणि काही वेडंवाकडं बोललो की तिच्या गव्हाळ चेहऱ्यावर रंग चढायचा. एकदम नाही हं. भट्टीतल्या पावावर चढतो तसा, हळूहळू, कडेकडेनं.

"उस्ताद, आज काय? डाळिंब की बीट?"

उस्ताद आमचा भट्टीवाला. तो मान वर न करता सांगायचा, "बीट. उकडलेलं."

"तोंड आवर भोंग्या," लाली आयसिंगच्या पिशवीचा नेम माझ्यावर धरायची. "डोळ्यात गुलाब काढीन एखाद दिवशी."

भोंग्या म्हणजे मी. हॉर्नमुळे म्हणा, तोंडामुळे म्हणा. पाव, बिस्किटं, केक गाडीत भरायचे आणि दुकानादुकानांत पोचवायचे, हे माझं काम. बाकीच्या वेळात उद्योग. लालीच्या पिठाच्या पिंपात रबरी पाल ठेवणे, उस्तादच्या टोपीला आतून जाम लावणे, मालकाच्या आवाजात आतून ओरडून सगळ्यांना उभं करणे. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण अक्कल गाडीच्या डिकीत. लग्न राहून गेलं. आधी बापाचं आजारपण, मग बहिणींची लग्नं, मग सवयच झाली. ट्रे भट्टीत विसरतो ना, तसं.

लालीला नवरा होता. एका नव्या पोरीनं हळू आवाजात विचारलं होतं, "वारले का हो?"

"वारला कसला! गेला. पायांनी."

एवढं बोलून ती परत केकवर फूल काढायला लागली होती. मला ती तिथंच आवडली होती.

तर मला तिला विचारायचं होतं. म्हणजे काय विचारायचं ते तुम्ही समजा. हिंमत होत नव्हती, पण भरवसा होता, कारण माझ्याकडे पुरावा होता. रोज सकाळी हॉर्न वाजला की चढणारा तो रंग. बाईमाणूस उगाच लाल होत नाही, असा माझा हिशेब. उस्तादलाही तेच वाटायचं. "आला रे आला, पेटली भट्टी," म्हणायचा.

मग एका उन्हाळ्यात तो रंग उतरेचना. दुपार झाली तरी गाल तसेच, आणि वर बारीक बारीक पुटकुळ्या. लालीनं सगळे उपाय केले. लिंबू चोळलं, बटाटा किसून लावला, अक्रोडाच्या चुऱ्याचा तो खरखरीत लेप घासला. चेहरा आणखी पेटला. एक दिवस ती पुढच्या काउंटरवर केक द्यायला गेली, तर गिऱ्हाइकानं नाक पुढं काढून वास घेतला. "काय हो बाई, सकाळी सकाळीच?" ती हसून परत आली आणि कोठीच्या खोलीत मैद्याच्या गोण्यांमागे बराच वेळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मालकानं गोडीत सांगितलं, "तू पुढं नको येत जाऊस. लोकांना वाटतं, काही लागण आहे."

मी त्या दिवशी पाल ठेवली नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना माझ्या रस्त्यावर होता. म्हणजे नव्हता, पण मी रस्ता तसा केला. ती आत गेली, मी गाडीत बसून पाव गार होऊ दिले. ती परत आली ती हातात एक ट्यूब घेऊन.

"काय म्हणाल्या?"

"आधी ओरडल्या. म्हणाल्या, चेहरा आहे की भांडं, किती घासाल? लिंबूबिंबू सगळं बंद."

"पण झालंय काय?"

"रोझेशिया. नाव बघ कसं फुलासारखं. म्हणे कातडीचा स्वभावच असतो एकेकाच्या. चेहऱ्यातल्या शिरा भडकू असतात. भट्टीची धग, ऊन, कडकडीत चहा, तिखट. काही निमित्त मिळालं की फुलतात. आणि..."

"आणि?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "आणखी काहीतरी म्हणाल्या. विसरले."

मी गाडी चालू केली. पुढच्या चौकात गाय आडवी आली तरी हॉर्न वाजवला नाही. भोंग्याचा भोंगा बंद, म्हणजे बघा.

"म्हणजे तू इतके दिवस," मी म्हणालो, "भट्टीमुळे लाल होत होतीस."

"हो मग? तुला काय वाटलं?"

तोंडात जे आलं ते बाहेर पडलं.

"मला वाटलं, त्या गिऱ्हाइकाचं खरं असेल."

तिनं पर्स घेऊन माझ्या टकलावर हाणली आणि खळखळून हसली. मीही हसलो. पण आत काहीतरी फुसकन बसलं. केक अर्धा भाजलेला असताना भट्टीचं दार उघडलं की मधोमध बसतो ना, तसं. माझा पुरावा म्हणजे शिरा निघाल्या. शिरा!

बेकरीत ट्यूबची मिरवणूकच निघाली. उस्तादनं ती हात लांब करून वाचायचा प्रयत्न केला. चष्मा नेहमीप्रमाणं पिठानं माखलेला.

"हे काय लिहिलंय? आजीला... एक... ॲसिड?"

"ॲझेलेइक ॲसिड," लाली म्हणाली.

"तेच म्हणतोय. आजीला एक ॲसिड. आणि आजोबांना?"

"आजोबांना फिनेल," मी म्हणालो.

झालं. त्या दिवसापासून त्या ट्यूबचं नाव आजी पडलं. 'आजी लावलीस का?' 'आजी संपत आली वाटतं.' मालकसुद्धा एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "थांबा जरा, आमची केकवाली आजी लावतेय." समोरच्यानं काय समजून घेतलं असेल, देव जाणे.

"ॲसिड आहे म्हणून घाबरू नका म्हणाल्या," लालीनं सांगितलं. "गव्हात, जवातसुद्धा असतं म्हणे हे."

"गव्हात?" उस्ताद पिठानं पांढरा झालेला हात स्वतःच्या गालावर फिरवत म्हणाला. "मग मी जन्मभर तेच फासतोय की. बघ माझा चेहरा."

"तुझा चेहरा बघूनच तर डॉक्टरकडे पळाले."

मोरीपाशी एक आरसा होता, खिळ्यावर तिरका टांगलेला. पहाटेचे केक झाले की लाली तिथं उभी राहायची. आधी सौम्य साबणानं पीठ धुवायचं, न घासता. मग फडक्यानं टिपायचं. मग चेहरा पूर्ण कोरडा होईपर्यंत नुसतं थांबायचं, कारण ओल्या कातडीवर आजी जास्त चावते. मग वाटाण्याएवढी आजी बोटावर घेऊन गाल, नाक, हनुवटी. केकला आयसिंगचा पहिला पातळ हात देतात, तसा. त्यावर साधं मॉइश्चरायझर आणि शेवटी उन्हाचं क्रीम. संध्याकाळी घरी गेल्यावर परत आजी.

मी माल भरायचं सोडून बघत बसायचो. सुरुवातीला घाई करायची ती. एक थर जिरायच्या आत दुसरा दिला, की गालावर रबरानं खोडल्यासारख्या पांढऱ्या वळ्या यायच्या. ती चिडून सगळं धुवायची.

"आयसिंग करताना तर मला शिकवतेस," मी म्हणायचो. "खालचा थर बसू दे, भोंग्या, हात नको लावू, भोंग्या."

"दुसऱ्याच्या चेहऱ्याला धीर धरता येतो रे."

आणि मुंग्या! आजी लावली की तिच्या गालावर मुंग्यांची शाळा सुटायची. ती हात मागे बांधून मोरीपाशी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायची. खाजवायचं नाही ना. मी तिच्यासमोर तसाच नाचून दाखवायचो. डॉक्टरीणबाईंनी मग सांगितलं, आधी मॉइश्चरायझर लावा, त्यावर आजी, आणि सुरुवातीला एक दिवसाआड. मुंग्या कमी झाल्या. माझा नाच मी चालू ठेवला.

एका दुपारी मी गोण्यांवर आडवा झालो होतो. झोपेत टकलावर गार काहीतरी लागलं. छान वाटलं. मग चुणचुण. मग अशी खाज सुटली की मी ताडकन उठलो आणि डोकं भिंतीला घासायला लागलो.

"ॲसिड! लाले, ॲसिड घातलंस डोक्यात!"

"आजीनं हात फिरवला डोक्यावरून," लाली दारात उभी राहून म्हणाली. "कुणी प्रेमानं हात फिरवला की असं ओरडतात का?"

सगळी बेकरी पोट धरून हसत होती. मी नळाखाली डोकं धरून उभा. मला राग यायला हवा होता. उलट वाटत होतं की ह्या मुंग्या अजून थोडा वेळ राहाव्यात.

पण विचारायचं धाडस आता कुठलं? आधी निदान गालांवरची ती लाली तरी पुरावा होती.

आजी लवकर गुण दाखवत नाही. रोज बघणाऱ्याला तर काहीच कळत नाही. भाड्याच्या घराचा रंग उडतो, तसा तो लालपणा कधी उडाला ते कुणी पाहिलं नाही. मालकानंही जरा माणुसकी दाखवली. तिचं टेबल भट्टीपासून उचलून मागच्या थंड खोलीत नेलं. तिथं केक ठेवायचे म्हणून एसी चालू असायचा. लाली स्वेटर घालून फुलं काढायची. पुटकुळ्या गेल्या. नाक नाकाच्या रंगाचं झालं. एक दिवस ती आपणहून काउंटरवर गेली आणि त्याच, वास घेणाऱ्या गिऱ्हाइकाला केक बांधून दिला. "बघा," ती म्हणाली, "संध्याकाळची घेते आता. सकाळी सोडली." तो ओशाळून सुट्टे न घेताच पळाला.

नाव मात्र लालीच राहिलं.

मीही सवयीनं हॉर्न वाजवत होतो. पाँ, पाँ, पपाँ. थंड खोलीत डोकावायचो. एकदा बघतो तर स्वेटर घातलेली, हातावर थंडीनं काटा आलेली, आणि गाल डाळिंब.

"अरेच्चा! आजी रुसली का गं?"

"रुसली नाही. आहे जागेवर," ती खाली बघत म्हणाली आणि केकवर इतकं मोठं पान काढलं की फूल त्याखाली दिसेना.

दुसऱ्यांदा दिसलं, तिसऱ्यांदा दिसलं. दरवेळी मी काहीतरी टोमणा मारला. 'ट्यूब नकली मिळाली वाटतं.' 'डॉक्टरीणबाईंना सांग, गिऱ्हाईक परत करतंय.' माझ्या मनात तेव्हा एकच. शिरा. ह्या बाईच्या शिरा भडकू आहेत. मला एकदा तोंडघशी पाडलंय त्यांनी, आता फसणार नाही.

मग तिच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. बहिणीनं दूरच्या शहरात केकचं दुकान काढलं होतं, काचेचं, चकचकीत. 'तू ये, केक तू सांभाळ, इथंच राहा.' लाली मला सांगायला बाहेर आली. मी ट्रे चढवत होतो. ती गाडीचं दार धरून उभी राहिली.

"जाऊ का रे?"

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? उस्तादला?"

आता हे वाक्य तुम्ही वाचताय आणि कपाळाला हात लावताय. मला कळतंय. पण माझ्या हातात ट्रे होता, मागे मालक ओरडत होता आणि तोंड माझं होतं.

"जा की! इथं सगळे रबरी पालीला सरावलेत. तिथं नवी माणसं मिळतील घाबरायला. आम्ही एखादी न चिडणारी केकवाली आणू."

तिनं दारावरचा हात काढला. "बरं," म्हणाली.

जायच्या दिवशी बसस्टँडवर मीच सोडायला गेलो. उस्तादनं वाटेसाठी बिस्किटांचा डबा दिला होता. सकाळची गार हवा, गाडीची खिडकी उघडी, ऊन अजून पडायचं होतं. चहा तिनं घेतलाच नव्हता. बॅग वर चढवून मी वळलो तर तिचा चेहरा लाल. गळ्यापासून कपाळापर्यंत. असा तर मी कधी पाहिला नव्हता, भट्टीच्या दिवसांतसुद्धा. ती काहीतरी बोलणार होती. ओठ उघडलेलेच होते.

आणि मी म्हणालो, "काय गं, आजीला घरीच विसरलीस?"

तिनं ओठ मिटले. मग हसली. आयुष्यभर लोकांना हसवत आलेल्या माणसाला हसू कुठलं ते कळतं. हे माझ्या विनोदाचं नव्हतं.

"आजी पर्समध्ये आहे," ती म्हणाली. "सकाळी लावलीय. आजी आपलं काम चोख करते, भोंग्या."

बस गेली. मी गाडीत बसून हॉर्न वाजवला, तिला ऐकू जाईल म्हणून. पाँ, पाँ, पपाँ. पुढचा रिक्षावाला मला शिव्या देऊन गेला.

परत आलो तर उस्ताद भट्टीसमोर बसला होता. मी म्हणालो, "जाताना परत लालबुंद, बिचारी. एवढं ते क्रीम लावून काय उपयोग झाला?"

उस्तादनं पाव काढायचं फावडं भिंतीला टेकवलं.

"कुठं उभे होतात?"

"स्टँडवर."

"ऊन होतं?"

"नाही."

"भट्टी होती?"

"स्टँडवर कुठली भट्टी?"

"गाढवा," उस्ताद म्हणाला. खूप हळू म्हणाला, म्हणून मला ते लागलं. "मी तिला विचारलं होतं. म्हटलं, सगळं गेलं, मग ह्याचा हॉर्न वाजला की तेवढंच परत कसं येतं? ती म्हणाली, डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलंय. आजी शिळी लाली काढते. मनातून ताजी येते ती येतेच, तिला औषध नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला कळतंय आणि तू मजा घेतोयस. मजाच घेतोस ना तू सगळ्याची?"

पहिल्यांदाच कुणी माझीच पाल माझ्या पिंपात ठेवली होती, आणि ठेवणारा मीच.

फोन करायला मला बरेच दिवस लागले. रोज नंबर काढायचो, आणि काय बोलायचं त्याची तालीम करायचो, आणि तालमीत शेवटी विनोदच यायचा. एकदा केलाच.

"बोल भोंग्या!" आवाज खणखणीत. मागे घंटी वाजत होती, गिऱ्हाइकं येत-जात होती. "उस्ताद बरा आहे ना? मालक?"

"सगळे बरे. तू?"

"मजेत. बहिणीनं सगळं माझ्यावर टाकलंय. काचेचं दुकान, एसी, भट्टी लांब मागे. लोक फोटो काढतात केकचे."

"आजी?"

"लावते की. आता सवय झाली. मुंग्यासुद्धा येत नाहीत."

मी श्वास घेतला. "लाली, त्या दिवशी दवाखान्यातून आलीस, तेव्हा डॉक्टरीणबाई आणखी काहीतरी म्हणाल्या होत्या. तू म्हणालीस, विसरले."

पलीकडे घंटी वाजली. कुणीतरी वजन विचारलं, तिनं सांगितलं. मग परत फोनवर आली.

"आता काय करायचंय ते?"

"नाही, सहज. म्हणजे... चेहरा कसा आहे आता?"

"छान आहे. अगदी कोरा."

"आता लाल होत नाही? कधीच?"

"नाही रे," लाली म्हणाली. चिडून नाही, दुखावूनही नाही. पावाचा भाव सांगावा तसं. "इथं कशानं होणार?"

टोमणा तोंडात तयार होता. देवाशप्पथ, चांगला होता. मी तो गिळला, पण त्याच्या जागी दुसरं काही येईना. मग ती म्हणाली, "ठेवते, गिऱ्हाईक आलंय," आणि घंटी परत वाजली.

हल्ली मागच्या दाराशी मी हॉर्न वाजवत नाही. दार उघडंच असतं.